लाचेची मोजदाद

दिल्लीतून निघालेल्या रुपयातले पंधरा पैसेच गरिबाच्या हाती पडतात, असे राजीव गांधी 1985 साली म्हणाले. खुद्द पंतप्रधानच असे म्हणतात म्हटल्यावर पुरावा कोण मागणार? विरोधकांनी ते वाक्य त्यांच्याच पक्षावर उलटवले, अग्रलेखांनी ते घासून गुळगुळीत केले आणि चाळीस वर्षांनंतर आजही ते भाषणांत हमखास ऐकू येते. पण तो अंदाज होता. उरलेल्या पंच्याऐंशी पैशांतले किती पगारात गेले, किती वाहतुकीत आणि किती कोणाच्या खिशात, याची फोड त्यात नव्हती.

जागतिक पातळीवरही वेगळे काही नाही. दरवर्षी एक लाख कोटी डॉलर लाचेपोटी दिले जातात आणि भ्रष्टाचारामुळे जगाचे दोन लाख साठ हजार कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या पाच टक्के, बुडतात, असे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरस यांनी 2018 साली सुरक्षा परिषदेत सांगितले. नॉर्वेतल्या बर्गन शहरी असलेल्या ‘यू-फोर’ या संशोधन केंद्रासाठी सेसिली वाथ्ने आणि मॅथ्यू स्टीफन्सन यांनी 2021 साली असे दहा प्रसिद्ध आकडे घेतले आणि प्रत्येकाचा माग काढत मुळापर्यंत गेले. विश्वास ठेवावा असा त्यातला एकही निघाला नाही.

म्हणजे भ्रष्टाचार मोजताच येत नाही का? येतो, पण तुकड्यातुकड्याने. सगळ्या देशाचा सगळा भ्रष्टाचार एका आकड्यात बसवण्याचा नाद सोडला, तर बरेच काही खात्रीने सांगता येते: कोणत्या खात्यात, कोणत्या कामाला, किती लोकांकडून, किती पैसे मागितले गेले आणि पाच वर्षांपूर्वीपेक्षा ते वाढले की घटले. गेल्या तीस वर्षांत या मोजदादीच्या अनेक वाटा निघाल्या. त्या सारख्या विश्वासाच्या नाहीत. सर्वांत गाजलेली वाट सर्वांत भरवशाची नाही, आणि आपल्या देशाने अधिकृतपणे जी धरली आहे ती तर मला उलटी जाणारी वाटते.

गाजलेल्या वाटेपासून सुरुवात करू. 1990च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जागतिक बँकेत भ्रष्टाचाराविषयी उघड बोलणे शिष्टसंमत नव्हते. तो म्हणे सदस्य देशांचा अंतर्गत राजकीय मामला. बँकेचे नैरोबीतले काम पाहिलेले पीटर आयगेन याला कंटाळून बाहेर पडले आणि 1993 साली त्यांनी बर्लिनमध्ये ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’ स्थापन केली. दोन वर्षांनी योहान ग्राफ लाम्ब्सडॉर्फ या तरुण जर्मन अर्थशास्त्रज्ञाने या संस्थेसाठी 41 देशांची यादी तयार केली. तोच भ्रष्टाचार आकलन निर्देशांक. पुढच्याच वर्षी बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी वार्षिक सभेत भ्रष्टाचाराला कर्करोग म्हटले आणि बोलायची चोरी संपली. या निर्देशांकाचे हे श्रेय मोठे आहे आणि ते कोणी नाकारू नये.

पण तो मोजतो काय? आज सुमारे 180 देशांना 0 ते 100 गुण देणारा हा निर्देशांक 13 वेगवेगळ्या स्रोतांतून बनतो. ते सारे तज्ज्ञांची आणि उद्योगक्षेत्रातल्या लोकांची मते नोंदवणारे आहेत. तलाठ्याकडे फेरफारासाठी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला त्यात कोणी विचारत नाही. भारताला 2022 साली 40 गुण होते, 2023 साली 39 आणि 2024 साली 38. क्रमांक मात्र 85, मग 93, मग 96. गुणांतली दोनची घट ही अशा मापनात सहज होणारी चढउतार आहे. पण मधल्या पट्टीत देशांची इतकी दाटी असते की दोन गुणांत अकरा पायऱ्या उतरता येतात, आणि मथळा पायऱ्यांचा होतो. शिवाय 2012 साली पद्धतच बदलली. त्याआधीचे गुण नंतरच्यांशी लावून पाहू नका, असे संस्था स्वतः सांगते, तरी ‘1995पासूनचा आलेख’ दर वर्षी कुठे ना कुठे छापून येतोच.

लोकांची धारणा आणि प्रत्यक्ष चोरी यांत किती अंतर असते, हे बेंजामिन ओल्केन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने इंडोनेशियात दाखवले. तिथे सहाशेहून जास्त गावांत सरकारी पैशातून रस्ते होत होते. ओल्केनने अभियंत्यांची तुकडी नेमली. त्यांनी तयार रस्ते ठिकठिकाणी खणले, थरांतली खडी आणि वाळू मोजली, आसपासच्या दुकानांत मालाचे भाव विचारले, मजुरांना मजुरी किती मिळाली ते पाहिले आणि त्या सगळ्यावरून रस्त्याला खरा खर्च किती आला असेल याचा हिशेब मांडला. कागदावरचा खर्च आणि हा खर्च यांच्यातला फरक म्हणजे गायब झालेला पैसा. तो सरासरी चौथ्या हिश्श्याच्या आसपास निघाला. मग गावकऱ्यांना विचारले, तुमच्या रस्त्यात किती खाल्ले असतील? लोकांना अगदीच कल्पना नव्हती असे नाही. पण गायब पैसा दहा टक्क्यांनी वाढला तर लोकांच्या संशयात एक टक्काही भर पडत नव्हती. याहून मासलेवाईक गोष्ट पुढे आहे. सिमेंटच्या गोणीचा भाव फुगवला तर गावकऱ्यांच्या लगेच लक्षात येई, कारण भाव सगळ्यांना ठाऊक. रस्त्याच्या पोटात खडी किती ब्रास गेली हे कोण बघतो? म्हणून खाणाऱ्यांनी भावाला हात लावला नाही, माप फुगवले. जे लोकांना दिसते तिथे चोरी कमी आणि दिसत नाही तिथे जास्त, अशी वाटणी असेल तर लोकांचे मत विचारून चोरीचा अंदाज कसा येणार?

दुसरी वाट पोलिसांच्या दप्तराची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर वर्षी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे राज्यवार छापतो आणि महाराष्ट्र वर्षानुवर्षे त्यात पहिला असतो. 2021 साली राज्यात 773 गुन्हे नोंदले गेले, 2022 साली 749. देशभरात त्या वर्षी 4,139. ‘भ्रष्टाचारात महाराष्ट्र अव्वल’ हा मथळा तयारच असतो. पण हे गुन्हे नोंदले कसे जातात ते पाहिले की मथळ्यातली गोम कळते.

कोणा अर्जदाराकडे कर्मचारी पैसे मागतो. अर्जदार 1064 या क्रमांकावर फोन करतो किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कार्यालयात जाऊन तक्रार देतो. आधी पडताळणी होते. तक्रारदाराबरोबर पंच जातो, तोही बहुधा दुसऱ्या कुठल्या कार्यालयातला सरकारी कर्मचारीच, आणि मागणी ध्वनिमुद्रित केली जाते. मग सापळा. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवतात, नोटांना अँथ्रासिनची पावडर चोळतात. पैसे स्वीकारले की ठरलेला इशारा होतो, पथक आत शिरते आणि अतिनील दिव्याखाली बोटे निळसर चमकू लागतात. संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या कचेरीत ‘यशस्वी सापळा कारवाई’ अशा शीर्षकाची टिपणी येते. तक्रारदाराचे वय, ‘आलोसे’ म्हणजे आरोपी लोकसेवकाचे पद, मागितलेली रक्कम, घासाघीस होऊन ठरलेली रक्कम, असे सारे ठरावीक रकान्यांत. एवढा खटाटोप प्रत्येक गुन्ह्यामागे असतो. म्हणजे हा आकडा ठरतो तो तक्रार करायला धजावलेल्या माणसांवर, पथकातल्या मनुष्यबळावर आणि विभागप्रमुखाच्या उत्साहावर. 2014 साली महाराष्ट्रात सापळ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाली. त्या बारा महिन्यांत राज्यातली लाचखोरी काही दुप्पट झाली नव्हती. विभागाने लोकांपर्यंत जाण्याचा धडाका लावला होता.

आता गंमत अशी की शाश्वत विकास उद्दिष्टांच्या भारतीय मोजमापात भ्रष्टाचार कमी करण्याच्या लक्ष्यापुढे जो निर्देशक लावला आहे, तो नेमका हाच: दर अमुक लोकसंख्येमागे या कायद्याखाली नोंदलेले गुन्हे. नीती आयोगाच्या राज्यांच्या क्रमवारीत तो कमी असणे चांगले समजले जाते. जे राज्य सापळे लावते ते खाली, जे तक्रारदाराला दारातूनच परत पाठवते ते वर. चोर पकडणाऱ्याचे गुण कापायचे, ही कोणत्या शास्त्राची रीत? या उद्दिष्टासाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला निर्देशक वेगळाच आहे: गेल्या बारा महिन्यांत सरकारी कर्मचाऱ्याशी काम पडलेल्या माणसांपैकी किती जणांनी लाच दिली किंवा किती जणांकडे ती मागितली गेली. त्याचे उत्तर दप्तरात नसते, घरोघर जाऊन विचारावे लागते.

ही तिसरी वाट, आणि माझ्या मते राजमार्ग. तिचे सर्वांत चांगले उदाहरण नायजेरियाचे आहे. भ्रष्टाचाराच्या गोष्टींत ज्या देशाचे नाव खलनायकासारखे घेतले जाते, त्यानेच स्वतःची तपासणी सर्वांत नेटाने केली. 2016, 2019 आणि 2023 अशा तीन फेऱ्या तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या तांत्रिक मदतीने केल्या. 2019च्या फेरीत सुमारे 33 हजार घरे होती. प्रश्न असा नव्हता की आपल्याकडे भ्रष्टाचार किती आहे असे तुम्हाला वाटते. आधी विचारायचे, वर्षभरात पोलीस, शिक्षक, डॉक्टर, वीज खात्याचा माणूस, न्यायालयातला कारकून यांपैकी कोणाकोणाशी तुमचे काम पडले? मग प्रत्येकाबाबत वेगळे विचारायचे, ठरलेल्या शुल्काखेरीज पैसे, भेटवस्तू किंवा काही काम तुमच्याकडे मागितले का, तुम्ही दिले का, शेवटचे कधी, किती?

पहिल्या फेरीत काम पडलेल्यांपैकी 32.3 टक्क्यांनी होय म्हटले. 2019मध्ये हे प्रमाण 30.2 टक्के झाले आणि 2023मध्ये 27 टक्के. पण दिलेल्या लाचांची एकूण संख्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या मधे 8.2 कोटींवरून 11.7 कोटींवर गेली. प्रमाण घटले आणि संख्या वाढली, हे कसे? कारण या काळात सरकारी माणसाशी काम पडलेल्या प्रौढांचे प्रमाण 52 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेले होते. काम जास्त लोकांचे पडले, म्हणून लाचाही जास्त झाल्या. एकच आकडा बघणाऱ्याने आपापल्या सोयीचा निष्कर्ष काढला असता. 2023मध्ये संख्या 8.7 कोटींवर उतरली, पण रक्कम 675 अब्ज नायरांवरून 721 अब्जांवर गेली. दरम्यान नायराची किंमत इतकी घसरली होती की खरी रक्कम कमीच झाली म्हणायची.

हे आपल्याकडे लावून पाहण्यासारखे आहे. सातबारा ऑनलाइन मिळू लागला, तसे उताऱ्यासाठी तलाठ्याकडे जाणे कमी झाले. आता त्याच्याकडे जातात ते वारसनोंदीचे, हद्दीच्या भांडणाचे, अडलेल्या फेरफाराचे लोक. म्हणजे गेलेल्यांपैकी लाच देणाऱ्यांचे प्रमाण वाढूही शकते आणि तरीही गावातल्या एकूण लाचा घटलेल्या असू शकतात. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले नाहीत, तर एका चांगल्या सुधारणेला अपयश म्हणून हिणवले जाईल.

नायजेरियाच्या पहिल्या अहवालात पोलिसांचे आकडे सर्वांत वाईट होते आणि पोलिसांनी तो अहवाल जाहीरपणे धुडकावला. तरी पुढची फेरी झाली. त्यांच्याशी काम पडलेल्यांतले लाचेचे प्रमाण दुसऱ्या फेरीत 46 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आल्याचे त्याच पाहणीने दाखवले, म्हणजे ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच उपयोगी ती पडली. आणखी एक नोंद मला महत्त्वाची वाटते. लाच मागितल्याची अधिकृत तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण 2019मध्ये 3.6 टक्के होते, 2023मध्ये 8.6 टक्के. पोलीस दप्तरावरून भ्रष्टाचार मोजणाऱ्या देशाला ही सुधारणा म्हणजे ‘भ्रष्टाचार दुपटीने वाढला’ अशी दिसली असती.

मेक्सिकोत हे काम आणखी मुरलेले आहे. तिथली सांख्यिकी संस्था ‘इनेही’ 2008पासून घटनात्मक स्वायत्ततेची आहे. 2011पासून दर दोन वर्षांनी ती सरकारी सेवांच्या दर्जाविषयी मोठ्या शहरांतल्या लोकांना विचारते, आणि रस्ते, पाणी, दवाखाने यांच्या प्रश्नांमध्येच लाचेचा प्रश्न येतो. ही जागेची निवड हुशारीची आहे. दारात येऊन कोणी ‘तुम्ही लाच दिली का’ असे एकदम विचारले तर माणूस सावध होतो. नळाला पाणी किती वेळ येते या चौकशीच्या ओघात तो मोकळा बोलतो. सरकारी कामासाठी गेलेल्या दर एक लाख लोकांमागे लाचेचा अनुभव आलेले 2021 साली 14,701 होते, 2023 साली 13,966. श्रीमंत देशांपैकी इटलीच्या ‘इस्टॅट’नेही हा प्रश्न घेतला. आयुष्यात कधी तरी पैसे किंवा मेहेरबानी मागितली गेल्याचे 7.9 टक्के कुटुंबांनी सांगितले, गेल्या तीन वर्षांत असे झाल्याचे 2.7 टक्क्यांनी. जागतिक यादीत इटलीची जी बदनामी असते तिच्या मानाने रोजच्या व्यवहारातली लाच फारच कमी. तिथला भ्रष्टाचार वेगळ्या मजल्यावर चालतो, आणि घरोघरच्या पाहणीचा जिना तिथवर जात नाही.

आपल्याकडे हे काम खासगी संस्थांनी केले. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर मीडिया स्टडीज’ने 2005 साली अकरा सेवांमधली किरकोळ लाच वर्षाला 21,068 कोटी रुपयांची असल्याचा अंदाज काढला. त्याच संस्थेच्या 2017च्या पाहणीत वर्षभरात लाचेचा अनुभव आलेली कुटुंबे 31 टक्के होती, 2005 साली 53 टक्के. दरम्यान ट्रान्स्परन्सीच्या जागतिक पाहणीत भारताचे प्रमाण 2017च्या अहवालात 69 टक्के होते आणि 2020च्या अहवालात 39 टक्के. तीन वर्षांत तीस टक्क्यांची घट जगात कुठेही होत नसते. नमुना, प्रश्नांची भाषा, शहर आणि खेड्यांचे प्रमाण यांत काही बदलले की आकडा असा उडी मारतो. 39 टक्क्यांवरही आपण आशियातल्या पाहणी झालेल्या देशांत सर्वांत वर होतो, हे खरे. पण वर की खाली यापलीकडे त्या दोन आकड्यांतून काही वाचता येत नाही. तोच चमू, तोच प्रश्न, तोच नमुना आणि ठरल्या वर्षी फेरी, एवढा कंटाळवाणा नेम पाळायची ताकद सरकारी सांख्यिकी यंत्रणेतच असते.

लोक खरे सांगतात का, ही शंका रास्त आहे. त्यावर संख्याशास्त्रज्ञांनी युक्त्याही शोधल्या. स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 साली सुचवलेली पद्धत अशी की खरे उत्तर द्यायचे की उलटे हे उत्तर देणारा नशिबाच्या चकतीवर ठरवतो. विचारणाऱ्याला त्याचे खरे उत्तर कळत नाही, पण हजारो उत्तरांतून एकूण प्रमाण काढता येते. मात्र भारतात या शंकेला कायद्याने धार आणली आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही सरळ गुन्हा झाले. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवले तरच सुटका, नाही तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे पाहणीला आलेल्या सरकारी माणसापुढे ‘हो, दिले दोन हजार’ असे म्हणणे हा कबुलीजबाब ठरतो. सांख्यिकी संकलनाच्या 2008च्या कायद्यात माहिती फक्त सांख्यिकीसाठीच वापरण्याचे बंधन आहे, पण ते उंबऱ्यावर उभ्या माणसाला पटवणे हे प्रगणकाच्या कौशल्याचे काम.

कोणालाच न विचारता मोजण्याची चौथी वाटही आहे. तिला संशोधकांची चिकाटी लागते, पण तिचे निष्कर्ष खोडणे अवघड असते. युगांडात रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन यांनी अडीचशे प्राथमिक शाळांच्या वह्या तपासल्या. विद्यार्थ्यामागे जे अनुदान सरकारने सोडल्याचे अर्थखात्याच्या दप्तरात होते, त्यातले 1991 ते 1995 या काळात शाळेपर्यंत पोचलेले सरासरी 13 टक्के निघाले. इथे रुपयातले तेरा पैसे कोणाच्या भाषणात नव्हते, शाळेच्या जमाखर्चात होते. पुढे सरकारने प्रत्येक जिल्ह्याला सोडलेली रक्कम वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि 2001पर्यंत पोचणारा वाटा 80 टक्क्यांवर गेला. सगळे श्रेय वर्तमानपत्राला देणे घाईचे आहे असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले, कारण त्याच काळात अनुदानाची व्यवस्थाही बदलली होती. पण आधी 13 हा आकडा होता म्हणूनच हा वाद घालता आला.

ओल्केन आणि पॅट्रिक बॅरन यांनी सुमात्रातल्या आचे प्रांतात ट्रकचालकांच्या शेजारी माणसे बसवली. 304 फेऱ्यांत पोलीस, लष्कर आणि वजनकाट्यांवर दिलेल्या सहा हजारांहून जास्त चिरीमिऱ्या त्यांनी डोळ्यांनी पाहून टिपल्या. दिल्लीत मारियान बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी वाहन परवाना काढणाऱ्या 822 जणांचा मागोवा घेतला. सरकारी फी साडेचारशे रुपये असताना सरासरी खर्च अकराशेच्या वर गेला, कारण बहुतेकांनी दलाल धरला. त्यांतल्या बहुसंख्यांनी गाडी चालवायची परीक्षा दिलीच नाही, आणि संशोधकांनी स्वतः परीक्षा घेतली तेव्हा परवानाधारकांपैकी 62 टक्के नापास झाले. यात लाच कोणाच्या हातात गेली हे कोणी पाहिले नाही, पण तिची किंमत रस्त्यावर कोण मोजणार ते स्पष्ट दिसते.

आपल्या दाराशी असलेला एक अभ्यास मराठीत फारसा चर्चिला गेला नाही. संदीप सुखटणकर यांनी महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांचे अनेक वर्षांचे ऊसदर तपासले. ज्या कारखान्यांवर निवडणूक लढवणाऱ्यांचा ताबा होता, तिथे निवडणुकीच्या वर्षात शेतकऱ्याला मिळणारा दर घटलेला दिसला. बाकीच्या कारखान्यांत असे झाले नाही. उमेदवार निवडून आला तर नंतर ते भरून दिले जात असावे, अशीही शक्यता त्यांनी मांडली. कोणी पाकीट घेताना पकडले गेले नाही, कोणा सभासदाने तक्रार केली नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या: निवडणुकांची आणि दरांची.

सरकारांनी स्वतःच ही मोजदाद करावी, अशी सोय आंतरराष्ट्रीय करारात आहे. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार 2003 साली झाला, भारताने तो 2011 साली स्वीकारला. त्याचे 61वे कलम देशांना आपल्याकडच्या भ्रष्टाचाराच्या प्रवृत्तींचे विश्लेषण करायला आणि सांख्यिकी व पद्धती एकमेकांना द्यायला सांगते. बरीच वर्षे ते कागदावर राहिले. 2018 साली पाहणी कशी करावी याची पुस्तिका निघाली. ती मेक्सिकोच्या संस्थेशी जोडलेल्या केंद्राच्या सहभागाने बनली, म्हणजे ज्यांनी केले त्यांनीच लिहिले. 2019 साली अबुधाबीत करारातल्या देशांनी मापनाविषयी ठराव केला आणि 2023 साली एक सांख्यिकी चौकट प्रसिद्ध झाली. तिने एकच अंतिम आकडा काढण्याचा मोह टाळला आणि लाच, खरेदी, हितसंबंध, न्यायदान अशा प्रत्येकासाठी वेगळे निर्देशक सुचवले. देशांना मदत म्हणजे पैसा आणि परदेशी सल्लागार असे समजले जाते. नायजेरियात खरी मदत प्रश्नावली बनवणे, प्रगणक शिकवणे आणि अहवालावर दोन नावे असणे ही होती. राष्ट्रीय कार्यालयाच्या नावाशेजारी संयुक्त राष्ट्रांचे नाव असले की पोलिसप्रमुखाला तो दाबणे कठीण जाते.

दाबादाबी हा या विषयातला खरा अडसर आहे. टांझानियाने 2018 साली सरकारी आकड्यांना छेद देणारी सांख्यिकी छापणे गुन्हा ठरवले. बाहेरून टीका झाल्यावर पुढच्या वर्षी ते मागे घेतले. जागतिक बँकेला आपली ‘डुइंग बिझनेस’ ही नावाजलेली क्रमवारी 2021 साली बंद करावी लागली, कारण चीनसह काही देशांचे आकडे आतूनच फिरवल्याचे चौकशीत निघाले. आपल्याकडे 2019च्या जानेवारीत बेरोजगारीचा अहवाल अडवल्याच्या निषेधार्थ राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. त्याच वर्षी घरखर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष दर्जाचे कारण देऊन रद्द झाले. रोजगाराचा आकडा जिथे इतका बोचतो, तिथे लाचेचा किती बोचेल याची कल्पना करता येते. 1950पासून चालत आलेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीकडे प्रगणक आहेत, नमुने आहेत, गावागावांत जायचा सराव आहे. आरोग्याच्या किंवा शिक्षणाच्या फेरीत पाच-सहा प्रश्न घालायला नवी यंत्रणा लागत नाही. फेरीची तारीख आधी जाहीर करायची, अहवालाची तारीखही आधी जाहीर करायची आणि नावे काढून मूळ उत्तरे संशोधकांना खुली करायची, एवढे ठरवावे लागेल. हे शेवटचे दोन निर्णय पैशाचे नाहीत, म्हणूनच अवघड आहेत.

घरोघरच्या पाहणीत न दिसणारा वरच्या मजल्यावरचा व्यवहार म्हणजे टेंडर आणि टक्केवारी. त्यावर सध्या सर्वांत आशादायक काम खरेदीच्या नोंदींवर होते आहे. हंगेरीचे संशोधक मिहाय फाझेकश यांनी लाखो सरकारी कंत्राटांतून धोक्याच्या खुणा शोधल्या: एकच निविदा आलेली, जाहिरातीला मुदत जेमतेम दिलेली, अटी एकाच कंपनीच्या मापाने शिवलेल्या. युरोपीय संघ आता सदस्य देशांच्या खरेदीत एकच निविदा आलेल्या कंत्राटांचे प्रमाण दर वर्षी छापतो. एकच निविदा म्हणजे लाच नव्हे. दुर्गम भागात दुसरा कंत्राटदार नसतोही. पण एखाद्या विभागात ते प्रमाण शेजारच्या विभागाच्या तिप्पट असेल तर विचारायला जागा होते. युक्रेनने 2016पासून सगळी खरेदी ‘प्रोझोरो’ या खुल्या यंत्रणेवर आणली आणि नोंदी कोणालाही यंत्राने उतरवून घेता येतील अशा ठेवल्या. आपल्याकडेही मोठ्या कामांच्या निविदा ऑनलाइन निघतात, कोणाची मंजूर झाली तेही दिसते. मात्र अनेक सरकारी निविदास्थळांवर हे दिसते एकेका कामापुरते. दर शोधाला चित्रातली वेडीवाकडी अक्षरे टाइप करावी लागतात आणि सगळी यादी एकत्र उतरवून घेण्याची सोय सहसा नसते. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात गेल्या तीन वर्षांत एकच निविदा आलेली कामे किती, हे ज्याला पाहायचे आहे त्याने एक तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा किंवा दोन-चार विद्यार्थ्यांना बसवून पानामागून पान हाताने उतरवून घ्यावे.